गेमच्या धंद्यातले जॉबवर्क

२५ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातल्या १,९०० माणसांना कामावरून कमी केले. त्याच्या साडेतीन महिने आधी याच कंपनीने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला विकत घेतली होती. गेमच्या धंद्यातला तोवरचा हा सर्वांत मोठा सौदा. ज्या तिजोरीतून एवढी रक्कम निघाली, त्या तिजोरीत १,९०० पगारांपुरते पैसे नव्हते यावर कोण विश्वास ठेवेल?

त्याच महिन्यात 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्सने ५३० जणांना घरी पाठवले. जगातले हजारो गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतात त्या युनिटीने १,८०० जणांची, म्हणजे एक चतुर्थांश माणसांची कपात जाहीर केली. फेब्रुवारीत सोनीच्या प्लेस्टेशन विभागातून ९०० गेले. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत मिळून जगभरात पंचवीस हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्याचे, या कपातीची मोजदाद ठेवणारे सांगतात. अमेरिकेतल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सने २०२५च्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ टक्के लोकांनी, गेल्या वर्षभरात आपली नोकरी गेली, असे सांगितले. आणि हा धंदा काही डबघाईला आलेला नाही. त्याची वर्षाची उलाढाल १८० अब्ज डॉलरच्या पुढे आहे.

मित्रांनो, हा विषय इथे मांडण्याचे कारण आहे. भिवंडी, मालेगाव, कोंढवा, मुंब्रा, मिरज इथल्या अनेक मुलामुलींना आज गेम बनवण्याचे क्षेत्र खुणावते आहे. त्यात गैर काही नाही. लहानपणापासून फ्री फायर आणि बीजीएमआय खेळलेल्या पिढीला तो गेम बनतो कसा, हे शिकावेसे वाटणारच. सरकारही याच दिशेला बोट दाखवते आहे. मुंबईत राष्ट्रीय पातळीवरची क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची संस्था उभी राहते आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले आणि त्यातून येत्या वीस वर्षांत दोन लाख रोजगार निर्माण होतील असे सांगितले. या घोषणांमागोमाग शहराशहरांत क्लासच्या जाहिराती लागल्या आहेत. काही लाखांची फी, दोन वर्षांचा कोर्स, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. फी भरण्यासाठी अम्मीचे दागिने गहाण पडतात किंवा अब्बांच्या दुकानाचे भांडवल मोडते. म्हणून फी भरण्याआधी या धंद्याची दुसरी बाजू माहीत असायला हवी.

चांगले काम केले तर नोकरी टिकते का?

आपल्या घरात मुलांना सांगितले जाते, की मन लावून काम कर, नोकरीला धक्का लागणार नाही. गेमच्या धंद्याने हा भरवसा मोडीत काढला आहे. जपानच्या टँगो गेमवर्क्स या स्टुडिओने जानेवारी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' हा गेम आणला. लोकांना तो आवडला, समीक्षकांनी वाखाणला, एप्रिल २०२४ मध्ये त्याला ॲनिमेशनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. नंतर ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने, म्हणजे बीजीएमआयच्याच कंपनीने, तो आपल्याकडे घेतला म्हणून स्टुडिओचे नाव तरी शिल्लक राहिले. त्या कलाकारांनी आणखी काय करायला हवे होते?

हे का घडते, ते समजून घेऊ. मोठा गेम बनायला चार-पाच वर्षे लागतात. सुरुवातीला थोडी माणसे पुरतात, शेवटच्या दोन वर्षांत शेकडो लागतात आणि गेम बाजारात आला की त्यातल्या अनेकांना लगेच देण्यासारखे काम नसते. खर्च अफाट वाढले आहेत. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागावर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाल्याचे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन कागदपत्रातून उघड झाले. एवढा पैसा एकाच डावावर लावला की डाव फसल्यावर स्टुडिओच बुडतो. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ला आला, दोन आठवड्यांत मागे घेतला गेला आणि ऑक्टोबरात तो बनवणाऱ्या फायरवॉक स्टुडिओला कुलूप लागले. त्यात करोनाच्या काळाची भर. २०२० आणि २०२१ मध्ये लोक घरात बसून गेम खेळत होते, कर्ज स्वस्त होते, कंपन्यांनी भराभर माणसे घेतली, भराभर स्टुडिओ विकत घेतले. २०२२ पासून व्याजदर चढले आणि लोक घराबाहेर पडले. हिशेब चुकला तो संचालकांचा, नोकरी गेली ती टेस्टरची आणि ग्राफिक्स आर्टिस्टची.

यातली एकही गोष्ट अटळ नव्हती. निन्टेन्डोचा 'वी यू' हा खेळयंत्राचा नवा नमुना बाजारात पडला, तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये पाच महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला. सरसकट कपात करून कारागिरांच्या मनात धास्ती भरली तर चांगला गेम बनणार कसा, अशी त्यांची भूमिका होती. धंदा तोच, अडचणही तशीच. तोटा कुणाच्या ताटातून वळता करायचा हे ठरवणारी माणसे तेवढी वेगळी.

हौसेची किंमत

या धंद्यात कामाचे तास हा जुना आजार आहे. गेम बाजारात येण्याआधीच्या महिन्यांत दिवसरात्र राबवण्याला तिथे 'क्रंच' म्हणतात. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने इंटरनेटवर निनावी पत्र लिहून आठवड्याचे सातही दिवस चालणाऱ्या या राबवणुकीला वाचा फोडली. त्या सुमारास ओव्हरटाइमच्या मागणीसाठी कोर्टात गेलेल्या कलाकारांना आणि प्रोग्रामरना मिळून कंपनीला तीन कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यावी लागली. आजार मात्र गेला नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २०१९ मध्ये, 'सायबरपंक २०७७'साठी कुणावरही क्रंचची सक्ती करणार नाही, असा शब्द दिला. सप्टेंबर २०२० मध्ये तिथे सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. १० डिसेंबरला गेम आला तो इतक्या चुकांसह, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. राबवून घेण्याने माल सुधारतो, हा समजही त्यात निकालात निघाला.

लोक हे सहन का करतात? कारण हे आवडीचे काम आहे. मालकांना ते ठाऊक असते. 'तुझ्या जागी यायला बाहेर शंभर जण उभे आहेत' हे वाक्य बोलण्याचीही गरज पडत नाही, इतके ते हवेत असते. माणसाची हौस पाहून त्याची मजुरी कमी ठरवणे ही या धंद्याची रीत झाली आहे. बँकेत किंवा साध्या सॉफ्टवेअर कंपनीत त्याच कौशल्याला सहसा अधिक पगार मिळतो. स्वप्न पाहणे चांगलेच, पण स्वप्नाच्या नावावर पगारात सूट कुणी मागितली तर ती द्यायची का, हे आधी ठरवून ठेवा.

मागावरची मजुरी आणि पडद्यावरची मजुरी

महाराष्ट्रातल्या कामाचे स्वरूप समजून घ्यायला मालेगाव-भिवंडीच्या वाचकाला फार लांब जावे लागणार नाही. यंत्रमागावर जॉबवर्क कसे चालते, हे तिथल्या घराघरांत माहीत आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. कारखानदार विणून देतो आणि मीटरमागे किंवा पिकामागे मजुरी घेतो. तयार कापडावर कुणाचे नाव लागते? व्यापाऱ्याचे. मंदी आली की व्यापारी सूत देणे थांबवतो, कारखानदार एक पाळी बंद करतो आणि मागावाला घरी बसतो. व्यापाऱ्याला त्या मागावाल्याचे नावही ठाऊक नसते.

भारतातले गेमचे बरेचसे काम याच पद्धतीने चालते. गेमची कल्पना, कथा, मालकी अमेरिका, युरोप किंवा जपानमधल्या कंपनीची. इथला स्टुडिओ गाड्या, बंदुका, झाडे, इमारती, चेहरे यांची त्रिमितीय मॉडेल बनवून देतो, किंवा गेममधल्या चुका शोधून देतो. दर ठरलेला, मुदत ठरलेली. गोपनीयतेच्या करारामुळे कलाकाराला आपले काम पोर्टफोलिओत दाखवण्यासाठी गेम बाहेर पडण्याची, कधी कधी त्यानंतरही परवानगीची वाट पाहावी लागते. गेमच्या शेवटी नावांची यादी सरकते, तिच्यात बाहेरून काम करणाऱ्यांचे नाव अनेकदा नसते. पुढची नोकरी मागताना हा माणूस दाखवणार काय?

पुण्याचे उदाहरण घ्या. फ्रान्सच्या युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती हे स्टुडिओ करणार, असे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. एवढ्या मोठ्या गेमची सूत्रे भारतातल्या कारागिरांकडे येणे ही अभिमानाचीच गोष्ट होती. झलक पाहून लोकांनी नाके मुरडली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. गेमच्या दर्जाबद्दल मतभेद असू शकतात. निर्णय कुठे होतात, हे मात्र त्यातून स्वच्छ दिसले.

जॉबवर्कमध्ये संघटना करणेही अवघड असते. कॅनडात एडमंटन इथे कीवर्ड्स स्टुडिओजचे काही टेस्टर बायोवेअर कंपनीच्या गेमवर काम करत. जून २०२२ मध्ये त्यांनी एकमताने युनियन केली. पुढच्या वर्षी बायोवेअरने कीवर्ड्सशी असलेला करार संपवला आणि युनियनच्या १३ जणांची नोकरी गेली. बायोवेअर म्हणते, ते आमचे कर्मचारी नाहीत. कीवर्ड्स म्हणते, आमच्याकडे काम नाही. याच कीवर्ड्सने २०१४ मध्ये भारतातली लक्ष्य डिजिटल विकत घेतली आहे. म्हणजे एडमंटनचा धडा गुरगाव-पुण्यालाही लागू आहे.

आणखी एक घोटाळा आपल्याकडे आहे. 'गेमिंगमध्ये नोकरी' या शब्दांखाली गेल्या काही वर्षांत जी भरती झाली, तिच्यातला मोठा भाग पैसे लावून खेळायच्या ॲपचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ बंद केले. त्यानंतर एमपीएल या कंपनीने भारतातली सुमारे ६० टक्के माणसे कमी करायचे ठरवल्याच्या बातम्या आल्या. पैशांच्या या खेळांनी किती घरे कर्जात बुडवली, हे पाहता बंदी योग्यच होती असे माझे मत आहे. पण ग्राहकांचे फोन घेणारी, कोड तपासणारी, चित्रे काढणारी मुले जुगाराची मालक नव्हती. त्यांच्यासाठी त्या कायद्यात एक ओळही नव्हती.

पैसा कुणाचाही असो

आपल्या काही तरुणांना एका गोष्टीचे अप्रूप वाटते, म्हणून त्यावरही बोलायला हवे. सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी गेमच्या धंद्यात पाण्यासारखा पैसा ओततो आहे. त्याच्या सॅव्ही गेम्सने २०२३ मध्ये स्कोपली ही कंपनी ४.९ अब्ज डॉलरला घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये हा निधी आणि त्याच्या अमेरिकन भागीदारांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ५५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. 'आता आपल्या लोकांच्या हाती सूत्रे आली' असा सूर समाजमाध्यमांवर ऐकू येतो.

त्याआधीची एक गोष्ट बघा. स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाने कर्ज काढून शंभराहून अधिक स्टुडिओ गोळा केले. त्याची सगळी मदार दोन अब्ज डॉलरच्या एका करारावर होती. मे २०२३ मध्ये तो करार फिसकटला. समोरचा पक्ष सॅव्ही होता, हे नंतर बातम्यांतून कळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एम्ब्रेसरने व्होलिशन हा तीस वर्षांचा जुना स्टुडिओ बंद केला आणि पुढे हजारावर नोकऱ्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या सौद्यातही २० अब्ज डॉलर कर्जाचे आहेत. ते फेडण्यासाठी खर्चाला कात्री लागेल, ही भीती तिथले कर्मचारी उघड बोलून दाखवत आहेत. भांडवल रियाधचे असो की रेडमंडचे, ते नफा मोजते. मालकाचे नाव ओळखीचे वाटले म्हणून मजुराचा पगार वाढत नाही. भिवंडीतल्या कारखान्यांत हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

'आधी आत तर जाऊ द्या'

इथे कुणी म्हणेल, की आम्हाला आधी दारातून आत तर जाऊ द्या. भाड्याने घर मागताना नाव विचारून नकार येतो, मुलाखतीत नाव ऐकून सूर बदलतो. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते, की नियमित पगारी नोकऱ्यांत मुस्लिमांचे प्रमाण कमी आहे. मिळालेली नोकरी टिकवायची की युनियनच्या गोष्टी करायच्या?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला खरे उत्तर द्यायला हवे. कपातीची यादी बंद खोलीत तयार होते तेव्हा त्या खोलीत ज्याचा कुणी ओळखीचा नसतो, त्याचे नाव यादीत सहज जाते. जो सर्वांत उशिरा आत आला, त्याला बाहेर काढणे सर्वांत सोपे असते. ज्याच्यामागे ओळखीपाळखी आहेत, तो लेखी नियमांशिवायही निभावून नेतो. ज्याच्यामागे कुणी नाही, त्याला कागदावरचा नियमच वाचवतो. कपातीचा निकष काय, नोटीस किती दिवसांची, भरपाई किती, तक्रार कुठे करायची, हे लिहिलेले असण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे.

आणि संघटनेने फरक पडतो, याची उदाहरणे याच धंद्यात आहेत. रेव्हन सॉफ्टवेअरमधल्या टेस्टरनी सहकाऱ्यांच्या कपातीविरुद्ध डिसेंबर २०२१ मध्ये काम थांबवले. मे २०२२ मध्ये त्यांनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. सुरुवात बावीस मतांची होती. पुढे झेनीमॅक्सच्या सुमारे तीनशे टेस्टरनी युनियन केली आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी लेखी करारही करून घेतला. आपला आवाज चोरून एआयकडून वापरला जाऊ नये म्हणून अमेरिकेतल्या गेममधल्या आवाजाच्या कलाकारांनी जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संप केला आणि संरक्षणाची कलमे मिळवली. फ्रान्समध्ये युबिसॉफ्टचे कर्मचारी ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन दिवस संपावर गेले. ही सगळी कीबोर्डवर काम करणारी माणसे आहेत.

महाराष्ट्रातही सुरुवात शून्यातून करायची नाही. पुण्यात नाइट्स आणि फाइट या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत. सक्तीने राजीनामे घेणे, नियुक्ती लांबवणे, अशा तक्रारी घेऊन त्या कामगार खात्याकडे जातात. गेम स्टुडिओतला कर्मचारीही त्यांचे दार ठोठावू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. त्यांच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्यातले हाताशी आलेले माहीत असू द्या. नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीतही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. तांत्रिक काम करणारा माणूसही 'कामगार' ठरू शकतो. पदाच्या नावात 'लीड' किंवा 'मॅनेजर' असणे एवढ्याने ते ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिले जाते. राजीनाम्यावर सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि जाणकाराला दाखवा. सही केली की कपातीच्या नोटिशीचा आणि भरपाईचा हक्क हातातून निसटू शकतो.

जे अजून शिकत आहेत, त्यांनी फी भरण्याआधी क्लासवाल्यांना चार प्रश्न विचारावेत. गेल्या दोन तुकड्यांतले किती विद्यार्थी आज गेमच्या कामावर आहेत? त्यातल्या तिघांशी मला बोलता येईल का? नोकरी कायम होती की सहा महिन्यांचे कंत्राट? मध्येच सोडले तर फी परत मिळते का? उत्तरे टाळली तर तेच उत्तर समजा. आणि शिकायचेच ठरवले तर एकाच सॉफ्टवेअरची बटणे पाठ करण्यापेक्षा चित्रकला, गणित, प्रोग्रामिंग असा पाया पक्का करा. गेमचे दार बंद झाले तर तो पाया वास्तुरचनेत, सिनेमात, शिक्षणात, इतर सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडतो.

आपल्या वस्त्यांतल्या करिअर मार्गदर्शन शिबिरांनाही एक विनंती. व्यासपीठावर क्लासचे मालक बसवू नका. दोन-तीन वर्षे स्टुडिओत घालवलेली आणि एकदा तरी कपात सोसलेली मुलगी किंवा मुलगा बोलवा. सरकारकडेही ठाम मागणी करायला हवी. ३,२६८ कोटींच्या धोरणातून ज्या स्टुडिओला सवलत मिळेल, त्याने पीएफ, ओव्हरटाइम, गेममधल्या नामावलीत कारागिरांची नावे आणि कपातीआधी नोटीस, या अटी पाळल्याच पाहिजेत. दोन लाख रोजगारांचा आकडा सांगणाऱ्यांना, त्यातले किती पाच वर्षे टिकणारे असतील, हे विचारण्याचा हक्क कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

गेम बनवणे ही कला आहे आणि आपल्या मुलामुलींनी ती शिकावी, त्यात नाव काढावे, आपल्या मोहल्ल्यांच्या गोष्टी त्या पडद्यावर आणाव्यात. फक्त तिथे जाताना हौशी म्हणून जाऊ नका, कारागीर म्हणून जा. आपल्या हाताच्या कामाचा भाव आणि आपले हक्क कारागिराला ठाऊक असतात. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचा पगार किती, हेही तो विचारून घेतो. संघटनेची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.